टेबलाशी चोख, दाराबाहेर ढिली: एका कॅथलॅबचे परीक्षण

अँजिओग्राफीसाठी रुग्णालय निवडायची वेळ आली की घरात तीन प्रश्न हमखास विचारले जातात: डॉक्टर कोण, यंत्र कोणत्या कंपनीचे आणि पॅकेज कितीचे. तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली, तरी टेबलावर झोपलेल्या माणसाची सुरक्षितता ज्यांवर अवलंबून असते अशा बऱ्याच गोष्टी त्यांच्या बाहेरच राहतात. सकाळी पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी शॉकचे यंत्र कोणी तपासले, टेबलावरच्या वाट्यांवर औषधांची नावे होती का, रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा परिणाम मोजला की गृहीत धरला, हे नातेवाइकांना दिसत नाही आणि जाहिरातीतही छापले जात नाही. मी मुंबईत कॅथलॅबची, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या विभागाची, इन्चार्ज सिस्टर म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. थोरल्या बहिणीच्या अँजिओग्राफीच्या आणि त्याच बैठकीत झालेल्या अँजिओप्लास्टीच्या निमित्ताने पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी, एका न्यासाच्या रुग्णालयातील कॅथलॅब मला जवळून पाहता आली. तेथील काही त्रुटी मी व्यवस्थापनाला लेखी कळवल्या असून त्या दुरुस्त करण्यास त्यांना वाव मिळावा, म्हणून रुग्णालयाचे नाव येथे देत नाही.

मला कन्सोलच्या, म्हणजे यंत्राचे पडदे असलेल्या, खोलीत, शिसेयुक्त काचेच्या मागे बसू दिले गेले ते बहिणीच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या परवानगीने. तरी जुन्या ओळखीचाही त्यात हात होता, आणि इन्चार्ज म्हणून माझ्याच लॅबमध्ये कोणा नातेवाइकाला अशी जागा मी दिली असती का, याबद्दल मला शंका आहे. तेथील तरुण सिस्टरने मात्र ओळखपाळख न पाहता चप्पल बदलायला लावली, टोपी-मास्क दिला आणि आतल्या दाराला हात लावायचा नाही अशी ताकीद दिली. परीक्षणातील पहिला गुण तिला.

दिवसाची सुरुवात कशी होते हे पाहण्यासाठी मी सकाळी लवकर गेले होते. एक ब्रदर डिफिब्रिलेटर, म्हणजे शॉकचे यंत्र, मुख्य वीजपुरवठ्यावरून काढून बॅटरीवर चालतो का ते पाहत होता. मग त्याने चाचणीपुरता शॉक यंत्रातच सोडून कागदी पट्टी बाहेर काढली आणि तारीख घालून वहीत चिकटवली. क्रॅश कार्टला, म्हणजे आणीबाणीच्या औषधांच्या गाडीला, क्रमांक असलेले प्लॅस्टिकचे सील होते. सील शाबूत असेल तर फक्त क्रमांक जुळवायचा आणि तुटलेले असेल तर अ‍ॅट्रोपिन, अ‍ॅड्रेनलिन, अ‍ॅमिओडॅरोन यांसह प्रत्येक औषध मोजून मुदत पाहायची, ही पद्धत तेथे कागदावर नव्हे तर हातात बसलेली दिसली. ऑक्सिजनची लाइन, सक्शन, तात्पुरता पेसमेकर आणि त्याची बॅटरी हे सगळे झाल्यावरच टेक्निशियनने यंत्र सुरू केले. ज्या लॅबमध्ये ही वही आठवड्याच्या शेवटी एकाच शाईने भरलेली असते, तेथे मी माझ्या माणसाला झोपवणार नाही. या वहीत वेगवेगळी हस्ताक्षरे होती, दोन ठिकाणी खाडाखोड होती आणि एका दिवशी ‘सक्शनचा दाब कमी, बायोमेडिकलला कळवले’ अशी नोंद होती. अशीच वही मला खरी वाटते.

रुग्णाच्या तयारीबाबत मात्र संमिश्र मत आहे. ताईचे वय ६७, वजन ५८ किलो, मधुमेह जुना आणि क्रियॅटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला घटक, १.२. हा आकडा प्रयोगशाळेच्या कागदावर फारसा वाईट दिसत नाही आणि पुष्कळ ठिकाणी तो ‘नॉर्मलच आहे’ म्हणून सोडून दिला जातो. पण वय, वजन आणि स्त्री असणे हे सूत्रात घातले, की मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता मिनिटाला ४२ मिलिलिटरच्या आसपास येते. म्हणजे डाय (धमन्या क्ष-किरणांत दिसाव्यात म्हणून टोचायचा द्रव) किती वापरायचा याची मर्यादा आधी ठरवायला हवी. येथील निवासी डॉक्टरांनी ते गणित फाइलवर करून ठेवले होते: या क्षमतेच्या ३.७ पटीपेक्षा जास्त डाय गेला तर मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका वाढतो, म्हणून १५० मिलिलिटरची मर्यादा लाल पेनने लिहिलेली होती आणि प्रत्यक्षात ११० मिलिलिटर लागला. आदल्या रात्रीपासून सलाइन सुरू होते. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी कधी बंद करायची आणि कोणत्या तपासणीनंतर पुन्हा सुरू करायची, हे मराठीत लिहून दिले होते. इतकी काळजी मी मोठ्या शहरांतील नावाजलेल्या ठिकाणीही नेहमी पाहिलेली नाही.

याच तयारीतली चूक उपाशी ठेवण्याची. वॉर्डातल्या सिस्टरने सवयीप्रमाणे रात्री बारानंतर काहीही घ्यायचे नाही असे सांगितले. सकाळी दहाची वेळ होती. पण नऊच्या सुमारास हृदयविकाराचा झटका आलेला एक रुग्ण थेट रुग्णवाहिकेतून आत घ्यावा लागला आणि ताईची पाळी दुपारी दीडपर्यंत लांबली. त्या रुग्णाला प्राधान्य मिळाले यात वावगे काहीच नाही. अशा झटक्यात बंद पडलेली धमनी रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत उघडावी, असे उद्दिष्ट धरलेले असते आणि त्यासाठी ठरलेल्या रुग्णांनी थांबायलाच हवे. पण थांबावे लागणार हे माहीत झाल्यावर मधुमेहाच्या रुग्णाला काही खायला द्यायचे का, हा निर्णय कोणीतरी घ्यायचा असतो. तो कोणी घेतला नाही. भाच्याने दोनदा विचारल्यावर साखर तपासली गेली. शिवाय स्थानिक भूल देऊन होणाऱ्या या प्रक्रियेसाठी लांबलचक उपास आवश्यक आहे का, यावर आता पुनर्विचार झालेला आहे. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्कॉफ’ या चाचणीत उपाशी न ठेवलेल्या रुग्णांना अधिक धोका झाल्याचे दिसले नाही. रुग्णालयाने लगेच जुनी पद्धत मोडावी असा माझा आग्रह नाही. पण ‘पाणी सुद्धा नाही’ हे तेरा तास चालवणे कोणत्याही पद्धतीत बसत नाही, विशेषतः त्याच रुग्णाच्या मूत्रपिंडासाठी शेजारी सलाइन टांगलेले असताना.

संमतिपत्र इंग्रजीत होते आणि त्यावर सही रात्री साडेनऊला घेतली गेली. डॉक्टरांनी धोके तोंडी मराठीत नीट समजावून सांगितले हे मान्य. पण सही ज्या कागदावर होते तो कागद वाचता यायला हवा. याबद्दल अधिक लिहीत नाही, कारण ही तक्रार एकट्या या रुग्णालयाची नाही.

टेबलावर घेतल्यानंतरचे काम मात्र पाहत राहावे असे होते. शल्यक्रियेतील सुरक्षिततेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये तपासणी-यादी पुढे आणली, तेव्हापासून ‘टाइम आउट’, म्हणजे सुरुवातीआधी सगळ्यांनी थांबून खात्री करणे, हा शब्द कॅथलॅबमध्येही रुळला. बऱ्याच ठिकाणी तो एका रकान्यातल्या खुणेपुरता उरला आहे. येथे डॉक्टर हात धुऊन टेबलाशी उभे राहिल्यावर सगळ्यांचे हात थांबले. सिस्टरने विचारले, “आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा, आणि आज काय करणार आहोत तेही सांगा.” नाव रुग्णाकडून वदवून घेणे आणि ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारणे यांत मोठा फरक आहे, कारण घाबरलेला माणूस दुसऱ्या प्रश्नाला नुसती मान हलवतो. मग क्रियॅटिनिन, डायची मर्यादा, सुरू असलेल्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, नळी हातातून घालायची की मांडीतून हे मोठ्याने वाचले गेले. अ‍ॅलर्जीच्या प्रश्नात ‘मासे, कोळंबी खाल्ल्यावर त्रास होतो का?’ हा जुना प्रश्न मात्र अजून आहे. कोळंबीची अ‍ॅलर्जी त्यातल्या प्रथिनांमुळे होते. आयोडीन असलेल्या डायशी तिचा विशेष संबंध नाही. त्याऐवजी पूर्वी कधी डायचे इंजेक्शन घेतल्यावर त्रास झाला होता का आणि दमा आहे का, हे विचारणे उपयोगाचे. सुदैवाने तेही विचारले गेले.

टेबलावर तीन वाट्या होत्या: हेपरिन हे रक्त पातळ करणारे औषध घातलेले सलाइन, डाय आणि साधे सलाइन. तिन्ही द्रव पाण्यासारखे स्वच्छ दिसतात. प्रत्येक वाटीवर आणि प्रत्येक सिरिंजवर निर्जंतुक चिकटपट्टीने नाव लावलेले होते. भूल देण्याचे औषध वापरून झाल्यावर त्याची सिरिंज टेबलावरून हटवली गेली. हे बारीकसारीक वाटेल, पण २००४ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथील व्हर्जिनिया मेसन रुग्णालयात मेंदूतील रक्तवाहिनीच्या उपचारादरम्यान डायऐवजी क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक टोचले गेले, कारण दोन्ही पारदर्शक द्रव बिननावाच्या वाट्यांत होते. ती रुग्ण दगावली आणि रुग्णालयाने ही चूक जाहीरपणे कबूल केली. आमच्या काळी नव्या सिस्टरना मी ही घटना पहिल्याच आठवड्यात सांगत असे. येथील सिस्टरला ती ठाऊक होती की नाही हे मी विचारले नाही, तिच्या चिकटपट्ट्या पुरेशा बोलक्या होत्या.

हवेबाबतही तशीच शिस्त. मॅनिफोल्ड, म्हणजे डाय आणि सलाइनच्या नळ्या एकत्र आणणारा जोड, जोडताना आधी रक्त मागे ओढून मगच डाय पुढे ढकलला जात होता आणि सिरिंज नेहमी दांडा वर, तोंड खाली अशी धरली जात होती, म्हणजे आत बुडबुडा असलाच तर तो वर, दांड्याकडे राहतो. हृदयाच्या धमनीत गेलेली थोडी हवाही रक्तप्रवाह अडवू शकते. डॉक्टर घाईत असतानाही सहायकाने एकदा “थांबा सर, हवा आहे” असे म्हटले आणि सर थांबले. कनिष्ठाने थांबवावे आणि वरिष्ठाने थांबावे, हे ज्या लॅबमध्ये सहज घडते तिला मी यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त महत्त्व देते.

डावीकडच्या पुढच्या धमनीत मोठा अडथळा निघाला आणि तेथेच अँजिओप्लास्टी करायचे ठरले. भाच्याला आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवले गेले आणि निर्णयासाठी वेळही दिला गेला. हेपरिन ५,००० युनिट दिल्यानंतर पाच मिनिटांनी एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, मोजण्यात आला: २८६ सेकंद. त्यानंतरच तार धमनीत गेली. अँजिओप्लास्टीत हा आकडा साधारण २५० ते ३०० सेकंदांच्या दरम्यान, काही यंत्रांवर त्याहून थोडा वर, ठेवायचा असतो. कमी राहिला तर तारेवर आणि कॅथेटरमध्ये गुठळी होऊ शकते, फार वाढला तर रक्तस्राव. किलोमागे ठरलेले युनिट दिले म्हणजे झाले, असे मानून एसीटीची नळी वाचवणाऱ्या लॅब मी पाहिल्या आहेत. येथे अर्ध्या तासाने पुन्हा मोजणी झाली आणि वेळेसह फळ्यावर लिहिली गेली.

किरणोत्सर्गाच्या बाबतीत याच लॅबचे दोन चेहरे दिसले. डॉक्टरांच्या सवयी उत्तम. साधा फ्लूरो, म्हणजे क्ष-किरणांचे चालते चित्र, सेकंदाला ७.५ प्रतिमांवर ठेवलेला होता, आणि सीने, म्हणजे जास्त किरण वापरून साठवायचे चित्रण, १५ वर. किरण टिपणारा डिटेक्टर छातीच्या शक्य तितका जवळ आणि टेबल उंच. छताला टांगलेली शिसेयुक्त काच प्रत्येक कोनात नव्याने जागेवर आणली जात होती. प्रत्येक सीनेआधी डॉक्टर ‘सीने’ असे मोठ्याने म्हणत आणि औषध देणारी सिस्टर दोन पावले मागे सरके. किरणांच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की मात्रा जवळपास चौथाईवर येते, त्यामुळे ही दोन पावले फुकट मिळणारे संरक्षण आहे.

दुसरा चेहरा खोलीबाहेरच्या भिंतीवर होता. किरण अडवणारे लेड एप्रन टांगायचा स्टँड आहे, पण पाचपैकी दोन एप्रन घडी घालून स्टुलावर टाकलेले होते. अर्धा मिलिमीटर शिशाइतके संरक्षण देणारे हे एप्रन दुमडले की आतल्या थराला भेगा जातात, बाहेरचे कापड मात्र नवे दिसत राहते. म्हणूनच ते वर्षातून एकदा फ्लूरोखाली पसरून तपासायचे असतात. एका एप्रनवरच्या चिठ्ठीतली तपासणीची तारीख वर्ष उलटून गेलेली होती आणि दुसऱ्यावर चिठ्ठीच नव्हती. त्याहून खटकले ते टीएलडी बॅज, म्हणजे काम करणाऱ्याच्या अंगावर किती किरण पडले ते मोजणारे बिल्ले. आपल्याकडे हे बॅज दर तीन महिन्यांनी बदलून मोजणीला जातात, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाने काम करणाऱ्यांसाठी ठरवलेली मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही, अशी आहे. ती पाळली जाते की नाही हे कळण्याचा मार्ग म्हणजे छातीवर, एप्रनच्या आत लावलेला बॅज. त्या दिवशी आत असलेल्या पाच जणांपैकी एका ब्रदरचा बॅज खुंटीवर होता. तो म्हणाला, “मॅडम, रीडिंग जास्त आलं तर चौकशी लागते.” हे वाक्य मी नोकरीतही पुष्कळदा ऐकले आहे. चौकशीची भीती वाटावी अशी वागणूक व्यवस्थापनाकडून मिळत असेल, तर बॅज खुंटीवरच जाणार. त्या मुलापेक्षा तेथील किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याने याचा विचार करावा.

रुग्णाला मिळालेल्या किरणांच्या मात्रेची नोंद लॅबच्या रजिस्टरमध्ये आहे: १,१८० मिलिग्रे, म्हणजे १.१८ ग्रे. काळजीचे कारण नाही. त्वचेवर तात्पुरती लाली साधारण २ ग्रेच्या पुढे येऊ शकते, आणि ५ ग्रे ओलांडले तर रुग्णाला सांगून पुढे काही आठवडे पाठीची त्वचा पाहत राहावे, असा संकेत आहे. पण हा आकडा डिस्चार्जच्या कागदावर कोठेही नाही. ताईची दुसरी एक धमनी काही महिन्यांनी पुन्हा पाहावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले आहे. ती तपासणी दुसऱ्या शहरात झाली, तर तेथल्या टेक्निशियनला पहिल्या वेळी काय दिले हे कळणार कसे? शिवाय किरणांची जखम त्वचेवर कित्येकदा आठवड्यांनी दिसते आणि रुग्ण पाठीवरचा डाग घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो, ज्याला अँजिओप्लास्टी झाल्याचे कोणी सांगितलेलेच नसते. छापील नमुन्यात एक ओळ वाढवण्याचे हे काम आहे.

मनगटातून केलेल्या प्रक्रियेनंतर रक्त थांबवायला हवेचा पट्टा आवळण्याच्या बाबतीत लॅब आणि वॉर्ड यांच्यातली फट उघडी पडली. लॅबमध्ये पट्ट्यातली हवा हळूहळू सोडून रक्त जेमतेम थांबेल इतकाच दाब ठेवला गेला आणि अंगठ्याला लावलेल्या ऑक्सिमीटरवर रक्तप्रवाह सुरू असल्याचे पाहिले गेले. दाब गरजेपेक्षा जास्त राहिला तर मनगटाची धमनी कायमची बंद होऊ शकते आणि पुढच्या वेळी तो हात उपयोगाचा राहत नाही. वॉर्डात मात्र हवा दर किती वेळाने किती सोडायची याचा कागद ताईबरोबर आला नाही. वॉर्डबॉय मामांनी ट्रॉली आणली, फाइल उशाशी ठेवली आणि निरोप तोंडी दिला. पहिला तास कोणी पट्ट्याकडे पाहिले नाही. मी तेथे होते म्हणून सिस्टरला बोलावता आले. हात निळसर झाल्यावर कोणाला सांगायचे, हे ज्या रुग्णाला माहीत नाही त्याचे काय, हे मी पत्रात विचारले आहे.

बिलाबद्दल तक्रार नाही. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधयुक्त स्टेंटला (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीला) २९,६०० रुपयांची आणि साध्या स्टेंटला ७,२६० रुपयांची कमाल किंमत लावली. ते आकडे पुढे बदलत गेले, पण बिलात स्टेंट वेगळा दाखवायचा, कंपनी आणि बॅच क्रमांकासह, ही अट महत्त्वाची ठरली. येथील बिलात ती पाळलेली आहे आणि स्टेंटच्या खोक्यावरचा स्टिकर फाइलमध्येही लावलेला आहे. बलून आणि कॅथेटर यांची सीलबंद पाकिटे डॉक्टरांना दाखवून फोडली गेली. वापर झाल्यावर ते कापून लाल पिशवीत टाकताना मी पाहिले. एकदा वापरायच्या वस्तू धुऊन पुन्हा निर्जंतुक करून वापरण्याची सवय आपल्याकडे अनेक ठिकाणी राहिलेली आहे, त्यामुळे कात्रीचा तो आवाज मला बरा वाटला. रुग्णाजवळ ठेवायचे स्टेंटचे कार्ड मात्र मागून घ्यावे लागले. पुढे कोठे एमआरआय करायची वेळ आली किंवा दाताच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर ते कार्ड कामी येते, म्हणून नातेवाइकांनी ते घेतल्याशिवाय घरी जाऊ नये.

टेबलावरच्या कामाला मी पाचपैकी साडेचार तारे देते, किरणसंरक्षणाच्या साधनांच्या निगेला दोन, वॉर्डाशी असलेल्या देवघेवीला दोन. व्यवस्थापनाचे उत्तर आले आहे. एप्रन तपासणीला पाठवले असून डिस्चार्जच्या नमुन्यात मात्रेचा रकाना घालत आहोत, असे त्यात म्हटले आहे. बॅजच्या प्रश्नावर आणि उपासाच्या वेळेवर उत्तर नाही. ताईची पुढची तपासणी याच लॅबमध्ये करायची असे आम्ही ठरवले आहे. फक्त त्या वेळी वॉर्डात पहिले चार तास घरातले कोणीतरी मनगटावर लक्ष ठेवून बसेल, आणि सकाळची न्याहारी किती वाजेपर्यंत चालेल हे आदल्या दिवशी डॉक्टरांकडून लिहून घेतले जाईल.